सात वेळा हो

चर्चच्या तळघरात, शनिवारी सकाळी,
आम्ही अकराजण आणि घडीच्या खुर्च्या.
कॉफीचं यंत्र कण्हत होतं, बाहेर
नेब्रास्काचा वारा मक्याची वाळकी धाटं ओरबाडत होता.
नेरेइदा ओल्वेरा उशिरा आली नव्हती,
आम्हीच लवकर आलो होतो,
असं तिनं आल्या आल्या सांगून टाकलं.

सतरा वर्षं मांसाच्या कारखान्यात सुरी चालवली तिनं.
उजव्या हाताची दोन बोटं अजून मुठीतच आहेत.
मार्कर ती डाव्या हातानं धरते.

ही कुटुंबं आपल्याकडे का येत नाहीत?
आम्ही भराभर सांगत गेलो, ती लिहीत गेली:
भाषा. वेळ. गाडी नाही. आस्था नाही.
शेवटच्या शब्दापाशी मार्कर थांबला.
"कुणाला?"
एवढंच विचारलं तिनं.
कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग मला पुढे बोलावलं.
ती झाली आई, मी युवा केंद्रातली बाई.
ती स्पॅनिशमधून बोलू लागली, चार मिनिटं, अखंड,
मधेच डोळे पुसले, मधेच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.
मी मान हलवत राहिले. सी, सी.
तेवढं येतं आम्हाला.
"सात वेळा हो म्हणालीस," ती इंग्रजीत परतली,
"मुलाची शाळा सोडवून
उद्यापासून त्याला रात्रपाळीला लावायला."
सगळे हसले. मीही हसले,
कानाच्या पाळ्या तापेपर्यंत.

जेवणानंतर 'तू' आणि 'तुम्ही'.
आमच्या इंग्रजीत एकच शब्द,
बिशपला तोच, कुत्र्यालाही तोच.
"आईला तुम्ही म्हणा, मुलाला तू चालेल.
पण मुलगा आईचं बोलणं तुम्हाला सांगत असतो ना,
तेव्हा त्याला काय म्हणायचं,
ते मला अजून ठरवता आलेलं नाही."

माझी पणजी चेक बोलायची.
तिचे दोन शब्द उरलेत आमच्या घरात,
दोन्ही खाण्याचे.
प्रशिक्षणाच्या अर्जात हे लिहायला रकाना नव्हता.

मार्चमध्ये गेले अन्सेल्मोच्या घरी.
चाकांवरचं घर, पायरीला विटेचा टेकू,
दारात कारखान्याचे पांढरे बूट उलटे वाळत घातलेले.
दोन्या एवारिस्तांनी आधी सूप वाढलं.
खाल्ल्याशिवाय फाईल उघडायची नाही, हे पाठ होतं मला.
मग मी म्हणाले, नऊ दिवस गैरहजर आहे तो.
अन्सेल्मोनं आईला काहीतरी छोटंसं सांगितलं.
फारच छोटं.
त्यात नऊ नव्हता. नऊ मला येतो.

आई हसली. आणखी एक पळी वाढली.
तो माझ्याकडे बघत होता, चौदा वर्षांचा,
आणि मी त्याची चोरी पकडली होती,
आणि तोंडात मका होता.

तेवढ्यात आई उठली,
कपाटावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला
आणि टेबलावर एकेक चिठ्ठी मांडत गेली:
दवाखाना. दवाखाना. वीज कंपनी. घरमालक.
पुन्हा दवाखाना, तिच्या खांद्याचा एक्स-रे.
प्रत्येकीवर तारीख. मी मोजल्या.
नऊ.
प्रत्येक ठिकाणी तोच बोलला होता तिच्या बदली.
तिला काय सांगायचं होतं मला?
तिला सगळं कळत होतं का,
की माझ्या तोंडावरून वाचलं तिनं?
अन्सेल्मो गप्प. हे काही त्याला भाषांतरायचं नव्हतं.

पुढच्या वेळी दुभाषी घेऊन गेले,
फ्रेमाँटच्या एक निवृत्त नर्स, जाड चष्म्याच्या, सावकाश बोलणाऱ्या.
अन्सेल्मो सवयीनं आमच्या मधोमध येऊन बसला,
ओठ हलवत, तयार.
कुणीच त्याच्याकडे वळलं नाही.
जरा वेळानं त्यानं कोपऱ्यातला चेंडू उचलला
आणि बाहेर गेला.

शेडच्या भिंतीवर धप्, धप्, धप्.
आमचं वाक्य दर वेळी मधेच तुटायचं,
दुभाषी बाई थांबायच्या, चष्मा वर सारायच्या.
त्याला थांब म्हणायला
आई उठली नाही.
मीही नाही.